एकेचाळीस नंबरचा खूर

त्रेचाळीस सालच्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग नगरच्या छावणीतल्या घोडा-हॉस्पिटलात झाली. हुद्दा लान्स दफेदार, काम नालबंदाचं. भिंगारच्या बाजूला कौलारू तबेल्यांच्या चार रांगा, मध्ये दगडी हौद, टोकाला माझी भट्टी. माझा बाप नालबंद, आजा नालबंद. छावणीत लोखंड तापवायला मला कुणी शिकवलं नाही. सॅल्यूट मारायला मात्र शिकवावं लागलं.

सिव्हिलियन माणसांना वाटतं, फौजेत घोडा म्हणजे ऐट. मी ज्या साली गेलो तेव्हा ऐट सगळी टँकांकडे गेली होती. रिसाल्यातले सवार ड्रायव्हर होत होते. माळावर दिवसभर टँकांची घरघर चालायची आणि आमचे घोडे कान मागे टाकून उभे राहायचे. उरलेल्या घोड्यांत पुण्याच्या रेसमधून फौजेत आलेले बरेच होते. धावून धावून ज्यांच्या पायाच्या शिरा गेल्या, असे. डॉक्टर कंडरा म्हणतात, आम्ही शीर म्हणायचो. गुडघ्याखाली नळीच्या मागे बोटाएवढा जाड दोर असतो. रेसच्या घोड्याचा सगळा जोर त्या दोरावर.

आमचं रोजचं काम ठरलेलं. बिगुल, मालिश, दाणापाणी, मग इन्स्पेक्शन. शीर सुजलेल्या घोड्यांना हौदाच्या गार पाण्यात उभं करायचं, पट्ट्या बांधायच्या. तेवढ्यानं भागलं नाही तर डाग. तापलेल्या लोखंडानं पायाच्या कातडीवर रेघा ओढायच्या. रिसालदार असो की रेसचा ट्रेनर, सगळ्यांचा डागावर भारी विश्वास. डागलेला पाय जाड होतो, घट्ट होतो, म्हणायचे. मला ते काम कधीच आवडलं नाही. हुकूम होता म्हणून केलं.

आणखी एक डाग असायचा, तो खुराचा. फौजेतल्या प्रत्येक घोड्याच्या पुढच्या डाव्या खुरावर त्याचा नंबर लोखंडानं जाळून उठवायचा. खूर म्हणजे आपलं नखच, दुखत नाही. पण नखासारखाच तो वाढतो. नंबर खाली सरकत जातो आणि शेवटी नाल बांधताना कापला जातो. म्हणून अडीच-तीन महिन्यांनी सगळ्या घोड्यांना रांगेत उभं करून नंबर परत डागायचा. ज्याचा नंबर ताजा, तो घोडा हजेरीत. आणि घोडा मेला किंवा गोळी घातली, तर नालबंदानं तो नंबरवाला खूर कापायचा, धुवायचा आणि मेजरसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. खूर टेबलावर आला की नंबर खारीज. लाश दाखवून भागत नसे, कारण मेलेले घोडे एकमेकांसारखेच दिसतात. त्या टेबलावर मी बरेच खूर ठेवले. कितीदा, ते मोजायची मला हौस नाही.

एकेचाळीस नंबर म्हणजे जिरी. रेसमधलं तिचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, ताकावर जिरं टाकल्यासारखे, म्हणून तिच्या सवारानं तिला जिरी केलं. सवाराचं नाव भिका. मिरजगावचा, शेतकऱ्याचा पोरगा, अंगानं सडसडीत, तोंडानं फटकळ. त्याची बदली टँकवर झाली होती. दिवसभर तो टँक चालवायला शिकायचा आणि संध्याकाळी ऑइलचे हात घेऊन जिरीकडे यायचा. तिला तो वास खपत नसे. मान फिरवायची.

मी म्हणायचो, "भिका, सवत आणलीस तू तिच्यावर."

"कसली सवत, कासमभाई? त्या टँकला दाना लागत न्हाई खरं, पर लीद बी पडत न्हाई. मानसानं शेतात काय घालावं?"

त्या हिवाळ्यात एका रविवारी छावणीच्या मैदानावर शर्यत ठेवली. घोड्यांची शेवटची शर्यत, असं सगळेच म्हणत होते. भिका जिरीवर होता. शेवटच्या वळणाला ती पुढे होती. मागचा घोडा अगदी चिकटून आला आणि त्याच्या पुढच्या पायाचा नाल जिरीच्या मागच्या उजव्या पायावर उतरला. मी कठड्यापाशी उभा होतो. आवाज ऐकू आला नाही, फक्त तिची चाल मोडलेली दिसली. भिका उडी टाकून उतरला. आम्ही धावलो. नळीच्या मागे कातडी फाटली होती आणि आत पांढरी शीर तुटून दोन टोकं झाली होती. पाय टेकवला की घोटा पार जमिनीला लागायचा.

मेजरसाहेब इंग्रज होते. जन्म घोड्यांत गेलेला माणूस. त्यांनी वाकून एकदाच पाहिलं.

"शूट हर."

आमचे घोड्यांचे डॉक्टर कॅप्टन देव होते. पुण्याकडचे, चष्मेवाले, बोलायला मऊ. ते म्हणाले, "सर, आतली मोठी शीर निम्मी शाबूत आहे. बाहेरची तुटली आहे, ती मी शिवू शकेन."

"रेसच्या घोडीची शीर? माझ्या नोकरीत एकही पाहिली नाही."

"एक संधी द्या, सर."

"प्लॅस्टर माणसांसाठी आहे, कॅप्टन. क्लोरोफॉर्मही. लढाई चालू आहे." मग माझ्याकडे वळून हिंदुस्थानीत म्हणाले, "नालबंद, मी पुण्याला कॉन्फरन्सला जातोय. शनिवारी परत येईन तेव्हा खूर टेबलावर पाहिजे."

"जी साहब."

ते गेले. भिकानं जिरीची मान कवटाळली होती. देवसाहेबांनी चष्मा पुसला आणि मला विचारलं, "कासम, हुकूम ऐकलास?"

"ऐकला साहेब. शनिवारी खूर पायजे म्हनले."

"मग?"

"घोडी जिती आसताना खूर टेबलावर न्हेता येत न्हाई. आधी तुमी सांगा, ती जगती का."

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "कोर्ट-मार्शल होईल."

"तुमचं हुईल. माझी हुद्द्याची फीत जाईल. भिका तर चाललाच हाय लढाईवर, त्याचं काय करत्यात?"

भिका तेवढ्यात पहिल्यांदा बोलला. "आमाला कामाला आला तवर घोडा, आन् पाय मोडला की गोळी. उद्या माझा पाय मोडला तर मला बी हेच का, साहेब?"

देवसाहेबांनी हौदावर जाऊन हात धुतले आणि म्हणाले, "पट्टी बांधा. उद्या सकाळी, उजेडात."

एक रिसालदार वाटेत अडवून म्हणाले की शिवण्यापेक्षा डाग द्या. साहेब पहिल्यांदाच चिडलेले मी पाहिले. म्हणाले, "तुटलेला दोर डागून जोडला जातो का, रिसालदारसाहेब? डाग खुराला असतो. पायाला नाही."

साहेबांना एक खास नाल पाहिजे होता. मागे लांब शेपटासारखी पट्टी, ती वर वळून घोट्याला खालून आधार देणार, म्हणजे शिरेवर ताण येणार नाही. त्यांनी जमिनीवर काडीनं आकृती काढून दाखवली. आमच्या नालाचं लोखंड त्याला मऊ पडलं असतं. भिका टँकांच्या वर्कशॉपमध्ये गेला आणि भंगारातल्या लॉरीच्या स्प्रिंगचं पान घेऊन आला. कुणाला विचारलं होतं, ते मी विचारलं नाही. ज्या गाड्यांनी आमचे तबेले रिकामे केले, त्यांच्याच पोलादाचा नाल मी जिरीला केला. हातोडा मारताना मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी सकाळी गवताचा जाड थर टाकून पायबंदांनी तिला हळूच आडवी केली. क्लोरोफॉर्मचा स्पंज तोबऱ्यात घातला आणि तोबरा तोंडाला चढवला. दाणा आहे असं समजून तिनं तोंड आत घातलं. दोनचार वेळा डोकं झटकलं आणि मग पाय ढिले पडले.

साहेबांचे हात मऊ बोलण्यासारखेच होते. जखम धुतली, मेलेली कातडी कापली. शिरेचं वरचं टोक मांसात वर ओढलं गेलं होतं, सापडेना. "पाय दुमड," म्हणाले. मी दुमडला. चिमटा आत गेला, परत बाहेर आला, परत आत गेला. मग टोक बाहेर आलं. उकळलेल्या रेशमानं त्यांनी टाके घातले. एक टाका घालायचा, ओढून बघायचा, पुढचा घालायचा. जखम चिघळू नये म्हणून वर सल्फाची पांढरी पूड टाकली. मी नाल ठोकला, शेपूट घोट्याखाली बसवलं आणि त्यावरून खुरापासून थेट ढोपराखालपर्यंत प्लॅस्टर चढलं. प्लॅस्टर आणि क्लोरोफॉर्म माणसांच्या हॉस्पिटलातून आलं होतं. तिथले डॉक्टर देवसाहेबांचे मित्र, एवढंच मला ठाऊक.

खरी भीती नंतरची होती. घोडा शुद्धीवर येताना धडपडत उठतो. अर्धा शुद्धीत, अर्धा झोपेत. त्या धडपडीत एक हिसका बसला असता तर सगळी शिलाई गेली असती आणि दुसऱ्यांदा शिवायला काही उरलं नसतं. प्लॅस्टर सुकून पूर्ण शुद्ध येईपर्यंत तिला खाली दाबून ठेवायची, एवढाच इलाज. भिका तिच्या मानेवर आडवा पडला. मी आणि दोन सवार दोरांवर.

तिनं डोळा उघडला. मान उचलली, तर भिका मानेसकट उचलला गेला आणि खाली आपटला. त्याच्या नाकातून रक्त आलं. त्यानं मान सोडली नाही.

"गप, जिरे. गप पड माय. घाई न्हाई आपल्याला. कुठं जायाचंय?"

पुन्हा हिसका. दोरानं माझे तळवे सोलले. साहेब ओरडले, "पाय बघ, पाय!" प्लॅस्टर जागेवर होतं. भिका तिच्या कानात बोलतच राहिला. विहिरीचं सांगत होता, बैलांचं सांगत होता, बाभळीखालच्या वावराचं. आईला काय काय सांगतात तसं. बऱ्याच वेळानं तिनं मोठा श्वास टाकला आणि डोकं गवतावर ठेवलं. मग साहेब म्हणाले, "आता उठू द्या." ती तीन पायांवर उठली. चौथा हळूच टेकवला. आम्ही पोटाखालून कॅनव्हासची झोळी घालून तिला तुळईला अडकवलं, म्हणजे निम्मा भार झोळीवर. भिका भिंतीला टेकून रडला. मीही रडलो. साहेबांनी आमच्याकडे पाठ केली, ते बरंच केलं.

त्याच आठवड्यात खुरांना नंबर डागायचा दिवस आला. रांग संपली तेव्हा लोखंड लाल होतं. मी ते घेऊन सरळ जिरीच्या ठाणावर गेलो आणि तिच्या पुढच्या डाव्या खुरावर चार आणि एक उठवले. चांगले खोल. तिनं पाय हलवला नाही.

शनिवारी मेजरसाहेब आले. टेबल रिकामं बघून छडी घेऊन तबेल्यात आले. आम्ही तिघं अटेन्शनमध्ये.

"नालबंद, खूर कहाँ है?"

"साहब, घोडी के पाँव में है."

देवसाहेब म्हणाले, "सर, हुकूम माझ्यामुळे मोडला. यांनी माझं ऐकलं."

"नंबर मैंने लगाया, साहब. अपनी मर्जी से," मी म्हणालो. मला कुणाच्या आडोशाला उभं राहायचं नव्हतं.

मेजरसाहेब वाकले. नंबरावरून अंगठा फिरवला, जळल्याचा वास घेतला. मग मागे जाऊन प्लॅस्टर बघितलं, माझा नाल बघितला. तो माणूस घोडेवाला होता, हे मी आजही मान्य करतो. पण राग माझा गेलेला नाही. ते म्हणाले, "पुढच्या नंबरच्या दिवशी ही घोडी ठाणापासून हौदापर्यंत स्वतः चालत जाईल. झोळी नाही, दोर नाही. अडखळून बसली तर तिथंच गोळी. आणि ती तू घालशील, नालबंद."

माझी फीत त्याच दिवशी निघाली. मी ती परत मागितली नाही.

नंतरचे दिवस गवत, पाणी आणि वाट बघणं यात गेले. प्लॅस्टर काढलं तेव्हा आतला पाय वांग्याएवढा जाड झाला होता, पण घोटा उभा होता. दर थोड्या दिवसांनी मी नालाचं शेपूट थोडं खाली आणायचो, म्हणजे शिरेला हळूहळू भार कळावा. साहेब बोटांनी चाचपून सांगायचे, "अजून नको," किंवा "आता चालेल."

भिकाला ते बघायला मिळालं नाही. प्लॅस्टर निघायच्या आधीच त्यांच्या टँकांना हलण्याचा हुकूम आला. स्टेशनवर फौजेची स्पेशल गाडी लागली होती. किट पाठीवर घेऊन तो जिरीकडे आला. तिनं ऑइलचा वास घेतला, पण या वेळी मान फिरवली नाही.

"कासमभाई, नंबर मिटू दिऊ नका."

"तुजी घोडी हाय का माजी?"

"सरकारची हाय. म्हनून तर सांगतोय."

"जा तू. परत येशील तवा हौदावर पानी पिताना दावतो तुला."

"आन् शर्यत?"

"शर्यत इसर आता."

हसला. गळ्यातली नंबराची चकती बाहेर काढून दाखवली आणि म्हणाला, "आमचा बी नंबर ताजा हाय बगा." मग गेला. माणूस लढाईवर जाताना मिठी मारावी, एवढं तेव्हा सुचलं नाही.

नंबरचा दिवस उजाडला. मेजरसाहेब हौदापाशी उभे. पिस्तूल माझ्या कमरेला, हुकमाप्रमाणे भरलेलं. देवसाहेबांनी झोळी सोडली, मी लगाम सोडला. जिरी ठाणातच उभी राहिली. मी तिच्यापुढे चालू लागलो, मागे न बघता. पाठीमागं दगडावर खुरांचा आवाज आला. तीन नीट, चौथा ओढलेला. पुन्हा तीन नीट, चौथा ओढलेला. मध्ये एकदा थांबला. माझा हात कमरेकडे गेला नाही, एवढं मी शपथेवर सांगतो. गेला नसताच. आवाज परत सुरू झाला. ती माझ्या बाजूनं पुढे गेली आणि हौदात तोंड घालून पाणी प्यायली.

मेजरसाहेब इंग्रजीत एवढंच म्हणाले, "नंबर हर." म्हणजे तिला नंबर डागा. आणि गेले.

देवसाहेबांची लगेच बदली झाली, पूर्वेच्या आघाडीवर खेचरांच्या हॉस्पिटलात. ही शिक्षा होती, सगळ्यांना कळलं. जाताना मला म्हणाले, "पाहिलंस ना, शीर जुळते." ताप घेऊन का होईना, ते परत आले.

भिका परत आला नाही. इटलीत एका नदीच्या काठी त्याचा टँक सुरुंगावर गेला. आत तिघं होते. पेटला. त्याच्या पलटणीतला एक जवान काष्टीचा, तो सुट्टीवर आला तेव्हा त्यानं मला भट्टीवर येऊन सांगितलं. मी ऐरणीवरचं काम पुरं केलं. मग हातोडा खाली ठेवला.

लढाई संपली. उरलेले घोडे लिलावात निघाले. लंगड्या घोडीवर कुणी बोली लावीना. मी लावली. सोलापूरच्या रस्त्यानं तिला चालवत नेलं, रुईछत्तीशीला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी दिवसभर हळूहळू चाललो. मिरजगावात भिकाचा बाप अंगणात ज्वारी वाळत घालत होता. सगळे त्यांना तात्या म्हणायचे.

"ही व्हय ती?"

"व्हय तात्या. जिरी."

त्यांनी तिच्या जाड पायावर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही. मग विचारलं, "हिचा नंबर कुठं आस्तो?"

मी खूर उचलून दाखवला.

"आन् मानसाचा?"

"गळ्यात."

"त्याच्या गळ्यातला आला न्हाई आमच्याकडं. तार आली निस्ती." ते पुढचं बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. "दुसरा खूर मोकळाच हाय की हिचा."

फौजेच्या कायद्यात हे बसत नव्हतं. घोडी फौजेच्या खात्यातून खारीज झालेली, तिच्यावर नंबर डागायचा मला हक्कच नव्हता. त्यात माणसाचा नंबर घोड्यावर. मी गावच्या लोहाराच्या भट्टीत लोखंड तापवलं. डाव्या खुरावर एकेचाळीस, उजव्यावर तारेत लिहिलेला भिकाचा पलटणीतला नंबर. तात्यांनी तिचं डोकं धरलं होतं. डागून झाल्यावर त्यांनी उजव्या खुरावरची काजळी धोतराच्या सोग्यानं पुसली.

खूर वाढतो, सांगितलंच आहे. म्हणून फौज सोडल्यावरही दर अडीच-तीन महिन्यांनी मी नगरहून मिरजगावला जात होतो. लोक विचारायचे, कासमभाई, तिकडं कोण तुमचं? मी म्हणायचो, माझे दोन जण आहेत तिकडं. जिरी सुगीत दाणे वाहायची, तात्यांना बाजारला न्यायची, पोरं पाठीवर बसवायची. धावली मात्र कधी नाही.

ती म्हातारी होऊन मेली. निरोप आला तेव्हा मी सवयीनं हत्यारांची पिशवी उचलली आणि तिथं पोचल्यावर कळलं की खूर कापायची सुरी त्यात आहे. तात्यांनी ती बघितली.

"कुनाच्या टेबलावर न्ह्यायचंय?"

"कुनाच्याच न्हाई, तात्या."

सुरी तशीच पिशवीत ठेवली. बाभळीखालच्या वावरात खड्डा तयार होता, भिका तिच्या कानात ज्याच्याबद्दल बोलत होता तेच वावर. पुरायच्या आधी मी भट्टी पेटवायला लावली आणि दोन्ही नंबर शेवटचे ताजे केले. फौजेचा नियम मला अजून पाठ आहे. खूर टेबलावर आल्याशिवाय नंबर खारीज होत नाही. ते दोन्ही खूर मिरजगावच्या मातीत आहेत, आणि कुणी मागायला आलं तर मी देणार नाही.